दहापैकी तीन

मल्लेश्वरमच्या आमच्या कॉलेजात मी आणि सुप्रीता इंग्रजीत पीएचडी करतो, पण वसुंधरा मॅडमना कौतुक फक्त सुप्रीताचं. पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवायचा वर्ग यंदा आमच्यापैकी एकीलाच मिळणार होता.

मुलांचे पेपर मात्र दोघींनी तपासायचे होते; गुण देताना दोघींचा हात सारखा पडावा, म्हणून मॅडमनी आधी एकच निबंध, नाव काढून, टाइप करून आम्हा दोघींना तपासायला दिला. म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी तुम्ही दिलेल्या प्रवेश परीक्षेतला आहे. माझ्या लाडक्या विद्यार्थिनीचा."

लाडकी कोण, हे काय सांगायला हवं? माझं डोकंच सणकलं. लाल पेनाने मी पान रंगवून टाकलं. 'लांबलचक वाक्यं. नुसता आव. स्वतःचं मत शून्य.' दहापैकी तीन.

सुप्रीताने नऊ दिले. माझ्या पानात डोकावून म्हणाली, "अय्यो अक्का, स्वल्प दया कर की गं!"

स्वतःच्या निबंधाला नऊ! मी मनात धुमसत राहिले.

मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली, चष्मा काढला.




"मुग्धा, तेव्हा मीसुद्धा तुला नऊच दिले होते."