विरळ पेरणी

तवोंगाने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिच्या बशीतल्या पेशी लांब लांब पडल्या होत्या, आक्रसून गोल झालेल्या. काही तर बशीचा तळ सोडून तरंगायला लागल्या होत्या.

शेजारच्या टेबलावर वेझीची एकच बशी. तिच्यात मात्र पेशी एकमेकींना खेटून फरशीसारख्या बसल्या होत्या.

नाळ एकाच बाळाची. ब्लँटायरच्या प्रसूतिगृहातून आली, तशी दोघींनी निम्मी निम्मी वाटून घेतली आणि तिच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सोडवून या पेशी काढल्या. जिच्या पेशी नीट धरतील, तिला डॉक्टर न्यिरोंगो पेशींवर हिवतापाच्या रुग्णांचं रक्त सोडून बघण्याचा प्रयोग देणार होते. मागच्या वेळी तो वेझीला मिळाला होता. म्हणून या वेळी तवोंगाने आपल्या वाट्याच्या पेशी सहा बशांत पसरल्या. तिची एक, तर आपल्या सहा!

वेझी वाकून बघायला आली. "अगं ताई, मका असा विरळ पेरलास तर वर्षभर नसिमाला पीठ कुठून आणशील?"

"हस तू. डॉक्टर तुझ्याच टेबलापाशी थांबतात ना."

"माझ्यासाठी कुठे थांबतात? पेशींसाठी थांबतात. यांना शेजारीण लागते, ताई. तिचा हात लागला, तिचा निरोप आला, की या तळ धरतात. एकटी पडली की सोडून देते."

तवोंगाचे कान तापले. वेझी नवी आली तेव्हा हेच वाक्य तवोंगाने तिला शिकवलं होतं, अगदी याच शब्दांत.

"तग धरलेल्या असतील तेवढ्या माझ्या बशीत घाल," वेझी म्हणाली. "कडेला जागा आहे अजून."

"आणि झाकणावर नाव कुणाचं?"

"दोघींचं लिही की. त्यात काय एवढं?"

तवोंगाने सहाही बशांतल्या पेशी गोळा केल्या आणि वेझीच्या त्या एका बशीत सोडल्या.

दोन दिवसांनी डॉक्टर न्यिरोंगो बराच वेळ वाकून बघत राहिले. "कुठे फट म्हणून नाही. शाबास, वेझी!"

"दोघींच्या आहेत, सर," वेझी लगेच म्हणाली. झाकणावरची दोन्ही नावं वाचून डॉक्टर हसले आणि प्रयोग दोघींना देऊन गेले.

वेझी जेवायला हाका मारत होती. तवोंगा सूक्ष्मदर्शकापाशीच बसून राहिली. बशी हळूहळू सरकवत ती या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधत होती, यातल्या आपल्या कोणत्या.