यंत्राला नाव कळत नाही

"यंदा तरी धर रे बाबा," असं पुटपुटत एनेइदानं क्रॉसवर चुन्याचा आणखी एक हात मारला.

सिमेंट सगळीकडं पांढरं झालं. फक्त नावावर चुना धरेना. दरवर्षीचंच होतं ते. मृतांच्या सणाआधी सगळं गाव आपापल्या कबरी रंगवून जाई, त्यांचा चुना वर्षभर टिके. हिच्या मात्र 'आर्सेनिओ' या अक्षरांवरनं बघता बघता पोपडे सुटत.

"ओल आहे हो, दोन्या एनेइदा," दफनभूमीचा राखणदार कूचो म्हणाला. शेजारच्या कबरीवर तो मांडीवर रेडिओ घेऊन बसला होता. "समुद्र जवळ. मिठाचं काम."

"मिठाला वाचता येतं का रे? बरोबर नावच कसं खातं?"

कूचो हसला नाही. त्यानं रेडिओचा कान पिळला.

"तुम्ही आज घरी हव्यात. अख्खी गल्ली तुमच्या दारात टीव्ही लावून बसलीय, आणि नेल्फीची आई इथं चुना फासतेय. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडाला फासायला पुरणार नाही माझा चुना. तू ऐक गप."

गाव ज्याला नेल्फी, नेल्फी म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होतं, तो उत्तरेत, अमेरिकेत बेसबॉल खेळत होता. मालिकेचा शेवटचा सामना. जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी. आज त्याची बॅट चालली नाही तर संघ त्याला ठेवणार नव्हता, तसं उघड बोललं जात होतं. वर्षभर तो चेंडू फोडून काढायचा. ऑक्टोबर आला, कबरी रंगवायचे दिवस आले, की त्याचे हात गळायचे. शहाणे लोक म्हणत, दडपण. एनेइदाला कारण माहीत होतं, आणि ते या फरशीखाली झोपलं होतं.

त्याच्याकडंच ती आली होती. आज त्याला सोड, एवढंच मागायला.

या गावात ती आली ती एक शवपेटी आणि एक पोरगा घेऊन. त्याआधी आत, उसाच्या वस्तीवर, पोरं दोन होती. खेळाडू हेरणारे दलाल तिथं यायचे, पोरांचे दंड चाचपायचे, दात बघायचे, बाजारात खेचर बघावं तसं. त्यांना सोळाची पोरं लागायची. धाकटा नेमका सोळाचा होता. थोरला एकोणिसाचा झाला आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून बघेना. एकोणिसाचं पोरगं म्हणजे शिळा पाव, असं म्हणायचे हरामखोर, आणि वर आईच्या हातची कॉफी प्यायचे. मग ताप आला. एक गेला. दुसऱ्याला दलालानं त्याच महिन्यात सोळाचा जन्मदाखला दाखवून उत्तरेत विकलं आणि तिला इथं, लांब, घर घेऊन दिलं.

"दोन्या! आला, आपला आला!"

शेवटचा डाव. धावा बरोबरीत. तिन्ही बेसवर आपली माणसं, दोन गडी बाद. रेडिओवरचा माणूस बोलत नव्हता, भुंकत होता.

"तीन चेंडू बाहेरचे पडलेत, दोन स्ट्राइक झाल्यात," कूचो म्हणाला. "आता आणखी एक बाहेरचा पडला की याला फुकट बेस, आणि तिसऱ्यावरचा माणूस चालत घरी. जिंकलो. आणि तिसरी स्ट्राइक पडली की..." त्यानं गळ्यावरनं बोट फिरवलं. मग आपण कुठं बसलोय ते आठवून हात खाली घेतला.

चेंडू आला. बॅट हललीच नाही.

"स्ट्राइक!" पंच ओरडल्याचं रेडिओवर ऐकू आलं.

"तुझ्या आईला..." कूचो उठला, आणि तसाच थांबला. "थांबा, थांबा! त्यानं हेल्मेटवर टिचकी मारली! पंचावर हरकत घेतली पोरानं. आता यंत्र सांगणार."

"यंत्र काय बघतं?"

"उंची. हंगामाआधी सगळ्यांना अनवाणी भिंतीला लावून मापतात. त्या मापाची हवेत चौकट. चेंडू आत की बाहेर, बस्स. पंचाला निदान आई असते, शिव्या तरी घालता येतात. याला कुणाच्या नावानं घालायच्या? तोंड बघत नाही, वशिला बघत नाही. यंत्राला नावसुद्धा कळत नाही."

एनेइदाचा कुंचला थांबला.

"नाव कळत नाही?"

"नाही."

"मग देवापेक्षा बरं."

रेडिओ गप्प झाला. तिकडचं अख्खं मैदान श्वास धरून होतं. इकडं वारा पडला. शेजारच्या कबरींवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती वारा नसताना कलल्या, सगळ्या एकाच बाजूला, तिच्या क्रॉसकडं. कूचोनं छातीवर क्रूसाची खूण केली.

तिनं फरशीवर तळवा टेकला. भर दुपारी फरशी बर्फासारखी होती. आणि खालनं काहीतरी तळव्याला येऊन भिडलं, आतनं कुणी हात लावावा तसं. तिनं हात काढला नाही.

"सोड, बाळा," ती म्हणाली. "त्याचा काय दोष? सगळं मी केलं."

मग खालचा तो हात हळूच मागं सरला.

"बाहेर!" रेडिओ फुटला. "नखभर बाहेर! चौथा बाहेरचा! सामना जिंकला!"

गावात एकदम आरोळी उठली. डबे वाजले, कुणीतरी चर्चची घंटा धरून ओढली. नेल्फी! नेल्फी! नेल्फी! दफनभूमीच्या भिंतीवरनं ते नाव लाटेसारखं आत आलं. कूचो रडत होता, नाचत होता.

"चला, दोन्या, चला!"

"तू हो पुढं. मी आलेच."

तो निघाला, परत वळला, क्रॉसकडं बघून ओरडला, "आर्सेनिओ, बघितलंस का रे? धाकट्यानं नाव काढलं!" आणि फाटकाकडं पळत सुटला.

एनेइदा एकटी उरली. ती वाकली आणि तिनं ओल्या फरशीला तोंड लावलं.

"ऐकलंस, नेल्फी? सगळे तुलाच हाका मारतायत," ती म्हणाली. "आता तरी दादाला माफ कर."