कॉम्प्युटरापुढचं गाऱ्हाणं

"काशीबाय, परवानो आज काय मिळाचो नाय," मत्स्य खात्याच्या खिडकीपलीकडून सुदेश कारकून म्हणाला.

काशीबाईच्या मागे रांगेत अर्धं मालवण उभं. पावसाळी बंदी संपून उद्या पहाटे सगळ्या होड्या समुद्रात जायच्या, आणि परवाना नाही म्हणून तिच्या लेकाची होडी सुक्या वाळूत बसायची.

"कित्याक रे?"

"मी अर्ज भरलंय, इन्स्पेक्टरान तपासल्यान. आता सायबांनी कॉम्प्युटरात बटन दाबूक व्हया. पण सायब अजून कागदाची फाईल टेबलार येवची वाट बघतत."

"मगे जा, सांग त्यांका."

"नव्या पद्धतीत केबिनीत जावचा नाय. सगळा कॉम्प्युटरातसून कळवचा. मी कळवलंय. ता पण त्यांनी उघडूक नाय."

काशीबाईनं सुक्या माशांची टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. आता गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, ते देवळात, आणि तेही पुरुषांनी. कॉम्प्युटरापुढे कोणी घालायचं हे अजून ठरलं नव्हतं, म्हणून तिनं घातलं. आवाज असा लावला की बंदरातल्या होड्या नांगरासकट वळून बघायला लागल्या.

"बा देवा म्हाराजा, ह्या सुदेशान आपला काम केल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी रांग म्हणाली.

"इन्स्पेक्टरान तपासल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता सायबांची काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, आणि आताच्या आता त्यांच्याकडसून ता बटन दाबून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ह्या खेपेला सगळ्यात जाडा आवाज केबिनीतून आला. साहेब जवळच्याच वालावल गावचे. गाऱ्हाण्याला होकार द्यायची लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. पण देवाला दिलेला होकार तो, परत कसा घेणार?

केबिनीत खुर्ची करकरली. मग टक् झालं. प्रिंटरनं काशीबाईचा परवाना बाहेर काढला, मग तिच्यामागच्याचा, मग सगळ्या रांगेचा. प्रिंटर असा तापला की वर बांगडा भाजून निघाला असता.

काशीबाईनं परवाना पदरात घातला आणि टोपली उचलली, एवढ्यात साहेब बाहेर आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,

"काशीबाय, माज्या बदलीचो अर्ज मुंबैत अडकलो आसा."

काशीबाईनं टोपली परत खाली ठेवली.

"खंयच्या टेबलार?"