भिंतीवरचा स्पंज

नऊ वर्षांची रनीम शाळेतून आली की गाडीचं दार धाडकन भिंतीवर आपटायची. गाडीला ओरखडे पडतात म्हणून शुक्री लेकीवर खेकसायचा. शेवटी इमारतीखालच्या पार्किंगच्या जागेत त्याने भिंतीला जाड निळा स्पंज चिकटवला.

हिवाळ्यात रनीम तापाने गेली. शुक्रीने गाडी विकून टाकली.

त्यानंतरही रोज दुपारी अडीचला स्पंज उभ्या रेषेत आत दबायचा, आणि सावकाश पुन्हा वर यायचा.

त्याने बायकोला, नगवाला, खाली आणून दाखवलं.

"काढून टाक तो," ती म्हणाली.

"स्पंजनं काय बिघडवलंय तुझं?"

"आवाज तरी येऊ दे मला."

त्याने स्पंज ओरबाडून काढला. दुसऱ्या दिवशी दोघं रिकाम्या जागेत उभी राहिली. अलेक्झांड्रियाच्या रस्त्यावर नेहमीसारखे भोंगे वाजत होते.

अडीचला भिंतीवर धाडकन आवाज झाला. चुन्याचा पोपडा खाली पडला.

नगवाने सवयीने हात पुढे केला, आणि भरलेलं दप्तर कुणी हातात द्यावं तसा तो हात ओझ्याने खाली गेला.