सैल ब्लाउज

दोन महिन्यांत भाग्यश्रीचे वजन दीड किलोने वाढले आणि तिचे सगळे ब्लाउज सैल झाले.

ती नाशिकरोडच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. प्रथम तिने काट्यावर संशय घेतला. पिठाची सीलबंद पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. थायरॉइड तपासले, अहवाल निर्दोष आला.

बाळंतपणानंतर माप स्थिर होईपर्यंत नवे कपडे घ्यायचे नाहीत, असे तिने ठरवले होते. बदलत्या अंगासाठी कपडे शिवणे तिला निरर्थक वाटे. जुन्यातच मावायचे, त्यासाठी कमी जेवायचे. त्यात भर म्हणून मुलीच्या, तेजलच्या बारशाला तिच्या सासूबाई अक्काबाई जमलेल्या बायकांना म्हणाल्या होत्या, "आमची सून आता दाराच्या मापाची झाली." सगळ्या हसल्या. भाग्यश्रीही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून एका पोळीवर आली. पुढे ती प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली.

त्यानंतर अक्काबाई बदलल्या. टोमणे थांबले. डबा त्या स्वतः भरू लागल्या. ब्लाउज सैल होऊ लागले तसे भाग्यश्रीला हायसे वाटले, आणि ती पोटभर जेवू लागली. मग ती काट्यावर उभी राहिली.

बारीक होण्याच्या चूर्णांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले असते, हे तिला ठाऊक होते. त्याने दंड रोडावतात आणि वजन मात्र वाढते. तसलेच काही अक्काबाई डब्यात घालत असाव्यात, अशी तिला शंका आली. अंगावर पिणाऱ्या मुलीच्या पोटात ते दुधावाटे जाणार होते.

तिची शंका ऐकून नवरा किशोर हसला. "आई आणि चूर्ण? तिला डोकेदुखीची गोळीसुद्धा विष वाटते."

तिने अक्काबाईंना सहज विचारावे तसे विचारले, "आई, भाजीत काय काय घालता?"

"शेंगदाण्याचं कूट. का गं, चव बिघडली?"

"नाही."

अक्काबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. तिच्या ब्लाउजाच्या बाहीकडे पाहिले.

तिने आठवडाभर डबा न उघडता कॅन्टीनमध्ये खाल्ले. ब्लाउज आणखी सैल झाले. म्हणजे चहात असणार, असा तिने निष्कर्ष काढला. तेजलला घेऊन चांदवडला माहेरी जायचे ठरले, परत कधी यायचे ते ठरले नाही. किशोरला तिने माहेरी आपल्या आईला बरे नसल्याचे सांगितले.

बॅग भरताना बुद्धपौर्णिमेसाठीचा पांढरा ब्लाउज तिने अंगाला लावून पाहिला. तो खांद्यावरून उतरत होता. नवा शिवण्यापेक्षा हाच आत घ्यावा म्हणून तिने तो उलटा केला.

बगलेखाली जुन्या शिवणीची भोके रांगेने रिकामी होती. नवी शिवण त्यांच्या बाहेर, अगदी काठाला लागून, हाताने घातलेली होती. पुढेमागे सैल करता यावे म्हणून शिंपी आत दोन बोटे माया सोडतो; ती संपली होती. तिने बाकीचे ब्लाउजही उलटून पाहिले. सगळ्यांची तीच गत होती.

ब्लाउज घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. अक्काबाईंनी लाटणे बाजूला ठेवले.

"पोरीला दूध पुरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ब्लाउज दाटला का तू ताट सरकवायची. म्हणून एकेक शिवण उसवत गेले."