फळ्यावरचं सगळ्यात वरचं नाव

अंबाबाईची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंद्रजित असा फुटबॉल खेळायचा, की त्याची किक गोलाची जाळी फाडून जायची आणि चेंडू आणायला रंकाळ्यात होडी घालावी लागायची. पहिल्याच वर्षी गोव्याच्या एका क्लबानं त्याला उचललं. पुढं तो देशाकडनं खेळला. वीस वर्षांनी कॉलेजनं पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा लेकीला घेऊन तो थेट सर्वाधिक गोलांच्या फळ्यापाशी गेला.

सगळ्यात वर नाव होतं सर्जेरावचं. हा वर्षाला जेमतेम चार गोल मारायचा, पण दरवर्षी नापास व्हायचा, म्हणून खेळतच राहिला. शेवटी पास झाला तेव्हा कॉलेजनं पेढे वाटले. इंद्रजितचं नाव पार तळाला होतं, कुंडीच्या मागं.

“बाबा, सगळ्यात भारी तुम्ही होता ना?” लेक म्हणाली.

स्वागताला आलेल्या सर्जेरावनं इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला घाई नडली गड्या. विक्रम करायचा तर माणसानं निवांत नापास व्हावं.”

इंद्रजितनं लेकीकडं बघितलं, कुंडी बाजूला सरकवली आणि प्रिन्सिपॉलना विचारलं, “सर, ॲडमिशन कधीपर्यंत चालू आहे?”

आता एक कबूल करते. सर्जेराव पास झाला, तेवढं माझ्या पदरचं. तो अजून त्याच वर्गात आहे. यंदा शेजारच्या बाकावर इंद्रजित बसतो, आणि सर्जेराव एकदाचा पास व्हावा म्हणून परीक्षेत त्याला बरोबर उत्तरं दाखवतो.