नेव्हिलची पाठ

“मला वेड लागलंय असं वाटतं का तुम्हाला?” नेव्हिलने औषधाच्या खोक्यातला कागद टेबलावर आपटला. “यात लिहिलंय, नैराश्यावरची गोळी. मी पाठ दुखते म्हणून आलो होतो. रडायला नाही.”

डॉक्टर परेरा बाई मूळच्या श्रीलंकेच्या. ऑस्ट्रेलियातल्या कनामुला गावात सहा वर्षं काढल्यावर लोकरीसाठी मेंढ्या कातरणाऱ्यांच्या पाठी आणि त्यांचा ताठा, दोन्ही त्यांच्या चांगल्याच परिचयाचे झाले होते. त्यांनी हात मागे नेऊन मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी बोट टेकवलं.

“इथे मेंदूचा देठ असतो. पाठीतलं दुखणं वर किती येऊ द्यायचं, ते इथून ठरतं. इथून खाली निरोप जातो, पुरे आता. तुमचा तो निरोप बंद पडलाय. ही गोळी तो पुन्हा सुरू करत असावी. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. आणि एवढ्याशा मात्रेत ती मनाच्या वाटेला जात नाही. चालेल?”

“मनाला काही झालेलंच नाही,” नेव्हिल म्हणाला.

गावातही सगळे तेच म्हणत. चाळीस वर्षं माणूस कमरेत वाकून रोज दोनशे मेंढ्या कातरत होता. तीन वर्षांपूर्वी एकदा वाकला तो सरळ झालाच नाही. तेव्हापासून त्याने अंथरूण धरलं. पब सुटला. ब्रिस्बेनला मुलीच्या लग्नाला गेला नाही. खोलीचा पडदा उघडू देईना. कोणी दारात आलं की त्याची बायको डोरीन सांगायची, पाठ. मग कोणी पुढे विचारत नसे. पाठ गेलेल्या माणसाला त्या गावात सगळं माफ होतं.

त्याच्याबरोबर कातरणारा जुना दोस्त टेड मात्र कातरणीच्या शेडमधली त्याची जागा राखून होता. दर हंगामात मुकादमाशी भांडायचा. “दाराजवळची जागा नेव्हिलची. पाठ सरळ झाली की येईल तो.”

पहिले तीन आठवडे गोळीने नुसती तोंडाला कोरड आणली. नेव्हिलने डॉक्टरीणबाईंचा उद्धार केला, पण गोळी घेत राहिला. चौथ्या आठवड्यात त्याच्या हातून चमचा पडला. तो वाकला, चमचा उचलला आणि टेबलावर ठेवला. दोघं बराच वेळ त्या चमच्याकडे बघत राहिले. मग डोरीन ढसाढसा रडली.

दोन महिन्यांनी परेरा बाईंनी त्याची पाठ दाबून, ठोकून पाहिली. “कातरायला जा आता. सुरुवातीला थोड्याच.” डोरीनने घरी पोचताच टेडला फोन लावला. त्या रविवारी तिने तीन वर्षांत पहिल्यांदा केक भाजला.

सोमवारी सकाळी साडेसहाला टेडची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. “ए नेव, ऊठ म्हाताऱ्या. मेंढ्या तुझ्या नावाने गळा काढतायत.”

नेव्हिल पलंगाच्या काठावर बसला होता. शर्ट घातलेला. बुटांच्या नाड्या त्याने जमिनीपर्यंत वाकून स्वतः बांधल्या होत्या. डोरीन मटणाच्या सँडविचचा डबा घेऊन दारात उभी होती. तो उठला नाही.

“दुखतेय?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

“मग?”

तो विचार करत होता. अगदी प्रामाणिकपणे शोधत होता. पाठीत कळ नव्हती, पायात जोर होता, बाहेर दोस्त थांबला होता. तरी हात मांडीवर पडले होते ते उचलवत नव्हते. तीन वर्षांत डोरीन पहिल्यांदाच घाबरली.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

“त्याला सांग,” नेव्हिल म्हणाला, “पाठ दुखतेय.”